उपरोक्त कोन होय?

तलावाच्या पाळीवर, मोहाच्या तिसऱ्या झाडाखाली
दोन काड्या नेटवर्क येतं.
तिथंच बसून आम्ही पान उघडलं,
मी, ग्रामपंचायतीची ऑपरेटर, या गावात नवी,
आणि इंदरकला वलथरे, मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष,
बोटांना मासोळीचा वास, म्हणून
पडदा करंगळीनं सरकवणारी.

तीन रात्री जागून लिहिलं होतं मी:
"सदर संस्थेमार्फत उपरोक्त जलाशयात उत्पादित होणाऱ्या
मत्स्यप्रजातींची विक्री
विहित वेळेत करण्यात येत असते."

ती वाचत गेली
गाळात पाय टाकावा तशी, चाचपत.
'उपरोक्त'पाशी थांबली.
"हा कोन होय? आपल्या सोसायटीत तं नाही या नावाचा."
मी हसले. ती हसली नाही.
"आन विहित म्हणजे, सकाळ का संध्याकाळ?"

खोडलं.

मग वाटलं, गोड लिहू.
"निळ्याशार पाण्याच्या कुशीत वसलेलं आमचं..."
तिनं पाण्याकडं पाहिलं. पाणी हिरवट होतं,
काठाला देवधान आडवं पडलेलं,
एका म्हशीची शिंगं तेवढी वर.
"साकोलीहून माणूस गाडी काढून येईल, पोरी.
त्याले मरळ भेटल का नाही, ते सांग.
निळं का हिरवं, तो पाहून घेईल."

तेही खोडलं. लिहिलं:
मंगळवार आणि शनिवार. सकाळी सहा ते नऊ.
मरळ आहे. शिंगी आहे.
झिंगे दिवाळीनंतर.
"झिंगे आता नाहीत, असं लिह.
नंतर म्हटलं का लोक आताच येतात."
लिहिलं.
भाव लिहिला. फोन नंबर लिहिला,
तिनं तो स्वतःच लावून पाहिला,
कमरेला वाजला तेव्हा मान हलवली.

उन्हानं पडदा पांढरा पडला होता.
पदराची सावली धरून तिनं सगळं पुन्हा वाचलं,
या वेळी न थांबता.
मला वाटलं, झालं.

"आनखी एक राहिलं.
उत्तरेकडं, जुन्या गेटाजवळ, खोल गाळ आहे, ते लिह."
मी म्हटलं, तिथं फलक आहे ना.
"आहे," ती म्हणाली.

तो फलक मी येता-जाता रोज पाहते.
सदर क्षेत्रात अवतरण प्रतिबंधित.
पिवळ्यावर काळं. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही.

"माहा डुलीराम चौथीत होता.
वाचता येत होतं त्याले.
त्या दिवशीबी वाचलं म्हणे त्यानं मोठ्यानं,
सोबतच्या पोट्ट्यांले आयकू जाईल असं, जोडून जोडून.
गुरुजीनं तेव्हा अवतरणचिन्ह शिकवलं होतं,
डोक्यावरचे ते दोन-दोन टिंब.
तेच मनाई असंल, वाटलं असंल त्याले."

शर्ट त्यानं फलकाच्या खांबालाच अडकवला होता.
हे तिनं सांगितलं नाही,
दुसऱ्या दिवशी चपराशी बोलला.

मी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं.
खोल गाळ आहे. पाय निघत नाही. उतरू नका.
आणि विचारलं, कारण मला खरंच कळत नव्हतं,
"गाळ आधी, का उतरू नका आधी?"

बराच वेळ तिनं उत्तर दिलं नाही.
म्हशीची शिंगं या काठापासून त्या काठाकडं सरकली.

"उतरू नका आधी," ती म्हणाली.
"पोट्टे पूर्ण वाचत नाहीत.
आन हे सगळ्यात वर घे. मासोळीच्याबी वर."

मी वर घेतलं.
दोन काड्यांवर पान चढायला वेळ लागत होता,
गोल गोल फिरत राहिलं ते,
आणि ती करंगळी उचलून धरून
बसून होती.